इंटमध्ये न मावलेला पत्ता

नव्वदच्या दशकात मी बारामतीहून रोज एसटीनं इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात जायचे. कॉम्प्युटर विभागात मी एकटीच. ऊसतोडीची पाळी लावणारा प्रोग्राम सी भाषेत मीच लिहिलेला. लागणीच्या तारखेप्रमाणं यादी निघायची, गट ऑफिसच्या भिंतीवर लागायची, आणि एकदा लागली की कुणी हुज्जत घालायचं नाही.

एका हंगामात वरकुट्याच्या एका शेतकऱ्याची पाळी महिनाभर आधी आली. तिथल्या लागणीच्या तारखा लिहून पाठवायचा तो कारखान्याचा चिटबॉय. हुद्दा बॉय, वय पन्नाशीचं. शेतकरी नेमका त्याचा साडू निघाला. झालं! साडूची वर्णी लावली म्हणून बोंब उठली आणि शेतकी अधिकाऱ्यांनी त्याला निलंबित करून घरी बसवलं. त्याचं रजिस्टर उघडून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. यादी छापील होती ना! मी म्हटलं, "प्रोग्राम बघते एकदा." साहेब हसले, "कॉम्प्युटर चुकतो होय, मॅडम?"

खरं सांगते, मला ते बरंच वाटलं. हंगामानं जीव मेटाकुटीला आला होता. चार दिवस मी काही बघितलं नाही.

पाचव्या दिवशी बसले. पॉइंटर म्हणजे नोंद मेमरीत कुठं आहे तो पत्ता. शेतकरी ओळखायला मी तो इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकासाठीच्या लहान कप्प्यात, ठेवायचे. आमच्या मशीनवर इंट दोन बाइटचा, पत्ताही दोनचाच, निभावत होतं. त्या वर्षी नोंदी वाढल्या म्हणून मोठं मेमरी मॉडेल घेतलं, पत्ता चार बाइटचा झाला आणि इंटमध्ये त्याचा अर्धाच भाग राहिला. दोघांचा अर्धा पत्ता जुळला, की एकाची तारीख दुसऱ्याला. त्या साडूलाही अशीच दुसऱ्याची तारीख लागली होती. कंपायलरनं इशारा दिला होता. मी मेलीनं तो बंद करून ठेवलेला! इंटच्या जागी अनसाइन्ड लाँग, चार बाइटचा कप्पा, घातला, तोही टाइपडेफनं वेगळं नाव देऊन, म्हणजे उद्या मशीन बदललं तर एकाच ठिकाणी हात लावायचा. दहा मिनिटांचं काम. स्वतःचीच चीड आली.

दुपारीच वरकुट्याला गेले. चिटबॉय घराच्या ओट्यावर बसला होता. म्हटलं, "काका, चूक माझी. तुमची तारीख बरोबर होती."

"व्हय?" त्यानं सरकून मला बसायला जागा केली. "मला वाटलंच हुतं बरोबर लिवलीया. पर कॉम्प्युटर खोटं कसं बोलंल? म्हनलं, माजंच डोळं फसलं आसत्याल. काल राजीनामा दिऊन आलो, बाई. सायबानं लगीच मंजूर केला."