नामदेवमामांच्या नावापुढे फुली नव्हती

पॉवर प्रेसची जाळी खाली ओढायला तीन सेकंद लागतात.

दिवसाला पाचशे नग धरले तर पंचवीस मिनिटं. ती पंचवीस मिनिटं वाचवायला नामदेवमामांनी उजव्या हाताची चार बोटं दिली.

आज सकाळी मामा वारले. बोरी बुद्रुकला, राहत्या घरी.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना माझ्या शेडच्या गेटवर बसलेलं पाहिलंय. वॉचमन म्हणून. त्याआधीचे मामा सांगतो.

महाळुंगे पडवळच्या रस्त्याला मी शेड टाकलं तेव्हा माझ्याकडे पत्र्याचे भाग दाबून काढणारा एक सेकंडहँड प्रेस होता आणि मामा होते. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, बसवायला मला त्यांनी शिकवलं. मी मालक, पण हाक शेवटपर्यंत "बाळ्या".

हळूहळू मामांसकट पाच माणसं झाली. मामांचे दोन भाचे, एक चुलतभाऊ, जावई पांडुरंग. सगळे नात्यातले. मला त्याचाच लई अभिमान.

दोन हजार सालच्या आगेमागे पुण्याहून रेवती आली. विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारी. त्यांचा एक कोर्स होता, पुस्तकात कमी, प्रत्यक्ष हातानं जास्त. टर्मभर एखाद्या कामाच्या जागी जायचं. माणसं काय बोलतात ते सोडून द्यायचं, काय करतात ते मोजायचं. मग एक गोष्ट बदलायची आणि परत मोजायचं.

तिनं जाळी मोजली. हात आणि डायच्या मध्ये येणारी लोखंडी जाळी.

दहातल्या चार वेळा खाली. सहा वेळा वरच.

"दंड लावतो मॅडम, सरळ होतील."

"नको काका. जाळी ओढली की लगेच म्हणा, बरं केलंत. आणि भिंतीवर आलेख लावा, सगळ्यांना दिसेल असा."

आलेख लागला. रेघ चढायला लागली. मामासुद्धा जाळी ओढायला लागले.

"वा मामा!"

"गप रं बाळ्या. मी काय शाळंत हाय व्हय?"

पण हसायचे.

टर्म संपली. जाताना रेवतीनं पत्रकं आमच्या हातात दिली. आता एकानं दुसऱ्याचं बघायचं. जाळी खाली असली तर बरोबरची खूण, नसली तर फुली. मामांचं पत्रक पांडुरंगाकडे आलं.

"काका, जावई सासऱ्याच्या नावापुढे फुली मारेल?"

"न मारायला काय झालं? आणि मी आहे ना! मला केबिनमधनं नुसत्या आवाजावर कळतं, जाळी खाली आहे का वर."

"मग कळलं की उठून त्यांना सांगा. तुम्ही सांगितलंत तर बाकीचे सांगतील."

"सांगतो की."

महिन्याभरात आलेख शंभरावर गेला. गिऱ्हाईक आलं की चहाच्या आधी मी त्याला भिंत दाखवायचो.

दिवाळीच्या आधीची मोठी ऑर्डर होती. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती.

किंकाळी नाही, काही नाही.

मामा एवढंच म्हणाले, "बाळ्या, मेन बंद कर."

हॉस्पिटलच्या जिन्यात पांडुरंग रडत होता.

"शेठ, दोन म्हैनं ते जाळी वर तारेनं बांधूनच काम करीत व्हते."

"मग रोज बरोबरची खूण कशी केलीस?"

"सासरा हाय ओ माझा. त्यांच्या नावाम्होरं फुली मारून घरी बायकूला कसं तोंड दावू?"

भाच्यांना विचारलं. एकच उत्तर. "मामांना कोन सांगनार?"

रेवती कळल्यावर धावत आली. भिंतीवरच्या आलेखाच्या शंभरावरल्या रेघेवर तिनं बोट ठेवलं.

"काका, इतकं बरोबर कुणीच वागत नसतं. मी नंतर एकदा तरी येऊन बघायला हवं होतं. चूक माझी."

मी तिला ते म्हणू दिलं.

मामा बरे झाले, गेटवर बसायला लागले. पांडुरंगाला एका शब्दानं बोलले नाहीत. मलाही नाही.

पण पंगतीला बसणं सोडलं. डाव्या हातानं चारचौघांत कसं जेवायचं? नातीच्या लग्नात मांडवामागे, भांड्यांच्या ढिगापाशी पाठ करून जेवताना मी त्यांना पाहिलंय. मी तिथूनच मागे फिरलो.

पांडुरंगाला सगळ्यांनी शिव्या घातल्या. मी सगळ्यात जास्त. तो काम सोडून गेला, आणि इतकी वर्षं लोक त्याचंच नाव घेतात. म्हणून आज लिहितोय.

मामा, ज्यानं हाताला धरून काम शिकवलं त्याला "जाळी ओढा" म्हणायला माझी जीभ रेटली नाही. माफी मागायची ती तुम्ही असताना मागायची होती.

शांतपणे जा.

जाळी खाली आली की खण्णकन वाजते. ते दोन महिने मामांची जाळी एकदाही वाजली नाही, आणि मी रोज केबिनमध्येच बसलेलो होतो.