भिजवलेला रोल

माझ्या आत्याला लोक तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे अंधारकोठडी. उभा जन्म तिने आमच्या फोटोच्या दुकानामागच्या खोलीत लोकांचे कॅमेऱ्याचे रोल धुण्यात घालवला. नखं कायमची पिवळी, स्वभाव कडू आणि बोलणं त्याहून कडू. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, उजेड आत आला की सगळं खराब होतं. पण काम चोख. लोकांची लग्नं, बाळं, सहली तिच्या हातून गेल्या आणि एकावर कधी ओरखडा उठला नाही.

मग मोबाइल आले आणि आम्ही दोघी दुकानात माशा मारत बसलो. रोल मेला, असं जो तो सांगून गेला. आता बघा, तोच रोल परत आलाय, आणि आणलाय कुणी, तर कॉलेजातल्या पोरांच्या या टोळक्याने! आजोबांच्या ढगळ पँटी, जाड चष्मे (निम्म्यांना नंबरच नाही), गळ्यात जुने कॅमेरे. यांना फोटोत रवाळ दाणे हवेत, डाग हवेत, कडेने उजेड शिरलेला हवा. आत्याने जे टाळण्यात आयुष्य घातलं, नेमकं तेच यांना हवं. हसावं की रडावं कळेना. पण दुकान यांच्यामुळेच चालत होतं, म्हणून आत्या ओठ मिटून काम करायची. रोलचं भविष्य या मुलांच्याच हातात आहे म्हणे. मला तर तीच धास्ती वाटते.

एका सकाळी शिवणवाल्या बाई आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांचं मशीन असतं. त्यांचा नवरा बेकरीत भट्टीवर होता, जाऊन बरीच वर्षं झाली. फोटोची हौस त्याला, त्यामुळे प्रत्येक फोटोत बाई, आणि तो कशातच नाही. ओळखपत्रावर एक होता, तो घर बदलताना हरवला. एकदाच बाईंनी त्याच्या हातून कॅमेरा हिसकावून त्याचेच फोटो काढले होते. तो रोल संपायच्या आत माणूसच गेला. कॅमेरा तसाच कपाटात राहिला, रोल धुवायला द्यायचं बाईंचं धाडस होईना, ते आज झालं. आत्याने रोल हातात घेतला आणि सांगितलं, जुना आहे, फिका येईल, पण येईल. आत्या असा शब्द सहसा कुणाला देत नाही.

त्याच दुपारी टोळक्याचा म्होरक्या आला. भर उन्हाळ्यात डोक्यावर लोकरीची टोपी, म्हणून आमच्यात तो टोपीवाला. त्याने रोल पुढे केला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, याला काही केलंय का? म्हणाला, छे, साधाच आहे.

धुवायच्या एका डब्यात दोन रोल, ही आत्याची पहिल्यापासूनची रीत. बाईंच्या रोलसाठी तिने मुद्दाम ताजं औषध कालवलं, आणि जोडीला टोपीवाल्याचा घातला. डबा हलवायला लागली तर झाकणातून फेस. भांडी घासायच्या साबणाचा फेस! आत्या फेसाने माखलेले हात तसेच घेऊन बाहेर आली. मी टोपीवाल्याला फोन लावला. तर हा हसतोय! लिंबाचा रस आणि साबणाचं पाणी, त्यात रात्रभर भिजवून वाळवला होता म्हणे. रंग भन्नाट येतात, त्यांच्यात सगळे करतात. दोन दुकानांनी घ्यायला नकार दिला, म्हणून आमच्याकडे बोललाच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमचा खेळ होतो आणि आमचा जीव जातो, हे यांना कुणी सांगायचं?

दुसऱ्या दिवशी स्वारी फोटो न्यायला हजर. त्याचे फोटो त्याला हवे तसेच आले होते, जांभळे, हिरवे, कसलेसे. मग त्याचं लक्ष शेजारी टांगलेल्या बाईंच्या फिल्मच्या पट्टीकडे गेलं. सगळीकडे फेसाचे चट्टे, मधे मधे माणसाचा काही भाग. तो जवळ गेला, डोळे बारीक केले, आणि काय म्हणाला माहितीये? “हे कुणाचं आहे? कसलं जबरदस्त आलंय. यात काय घातलं होतं?”

आत्याने दाराला आतून कडी लावली. “तू घातलंस ते,” ती म्हणाली. “बस त्या स्टुलावर. ज्यांचं आहे त्या येतायत. त्यांना तू सांगायचंस.”

बसला तो. बाई आल्या, आत्याने कडी काढली, आणि त्याने सांगितलं, अडखळत, टोपी हातात घेऊन. बाईंनी पट्टी दिव्यासमोर धरली. एकेक चौकोन बघत गेल्या. चेहरा कुठेच नव्हता. एका चौकोनात गळ्यापासून खाली तेवढं नीट उमटलं होतं. “हा शर्ट मीच शिवला होता,” त्या म्हणाल्या, आणि पट्टी तशीच धरून उभ्या राहिल्या.

मला वाटलं आता आत्या त्याच्या कानाखाली आवाज काढणार. पण त्याआधी तोच उठला. भलं करायला निघाला होता, शहाणा! म्हणाला, “काकू, मी कॉम्प्युटरवर नीट करून देतो. कळणारसुद्धा नाही. तुम्ही फक्त त्यांचा दुसरा एखादा फोटो द्या, त्यावरून चेहरा बसवतो.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. गल्लीत कधी कुणी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तो आम्ही तेव्हा ऐकला.

“दुसरा असता तर मी इथे आले असते का रे?”