घरची विचारपूस

माणसं जोडायची हौस म्हणून साहेब एचआरमध्ये शिरले, आणि कंपनीने त्यांना माणसं तोडायच्या कामाला जुंपलं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मुलाखती घ्यायच्या, कुणाच्या वाढदिवसाला केक कापायचा, भांडलेल्या दोघांना एका टेबलावर बसवून कॉफी पाजायची. मग मंदी आली आणि संचालकांना साहेबांच्या जिभेवरची साखर दिसली. "तुमच्या तोंडून ऐकलं की लोकांना लागत नाही हो!" ते म्हणाले. झालं! हरभऱ्याच्या झाडावर चढलेले साहेब खाली उतरलेच नाहीत.

त्यांची रीत ठरलेली. काचेच्या खोलीत बोलवायचं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवायचा आणि विचारायचं, "घरी सगळे बरे ना?" पोरांच्या शाळेबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलता बोलता माणूस मऊ पडला, की हळूच नारळ द्यायचा. पुढे पुढे या प्रश्नाची अशी दहशत बसली, की साहेबांनी लिफ्टमध्ये सहज विचारलं तरी लोक मधल्याच मजल्यावर उतरून जात.

मेहुण्याला या कंपनीत चिकटवलं होतं साहेबांनीच. राहायचाही त्यांच्याच घरी. एके दिवशी संचालकांनी त्याचंच नाव काढलं. "नातं आडवं येत असेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो," असंही म्हणाले. साहेबांना वाटलं, परक्याने सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. घरी बायकोला तोंड तरी दाखवता येईल.

पण जीभ सवयीची गुलाम. मेहुणा समोर बसला, ग्लास सरकला आणि साहेब बोलून गेले, "घरी सगळे बरे ना?"

मेहुणा फिसकन हसला. "अहो भाऊजी, सकाळीच तर बाथरूमवरून भांडलो आपण!" मग त्याचं हसू विरलं. "म्हणजे... मलासुद्धा? निदान 'गाढवा, तुझी नोकरी गेली' असं तरी म्हणायचंत!"

त्याच संध्याकाळी तो बॅग भरून गेला. बायको एवढंच म्हणाली, "कंपनीने काढलं, ते कळलं मला. पण तुम्ही त्याला परक्यासारखं काढलंत."

साहेबांनी राजीनामा फेकला. आता ते सल्लागार आहेत. न दुखावता माणसं कशी काढावीत, हे इतर कंपन्यांना शिकवतात. दुसरं येतंय काय? गिऱ्हाइकांना तोटा नाही.

रविवारी बायको भावाकडे जाते. एकटीच.

"त्याला निरोप सांग माझा," साहेब म्हणतात.

"काय सांगू?"

साहेब तोंड उघडतात. जिभेवर तोच ठरलेला प्रश्न येतो, आणि ते तोंड मिटून घेतात. चपला घालून होईपर्यंत ती थांबते, आणि दार ओढून घेते.