साबिनचे शहाऐंशी सेंटिमीटर

रुमानियातल्या अपुसेनी डोंगरातल्या आमच्या वाडीत फोनला रेंज नाही. त्यामुळे दुरुस्तीचे आकडे फोनवरून मिळत नाहीत, आणि जमीन मोजायला उपग्रहांवरून जागा सांगणारी दोन यंत्रं लागायची. एक ठाऊक असलेल्या खुणेवर, दुसरं हद्दीवर, आणि दोघांच्या फरकावरून जागा ठरवायची. आमचा मोजणीदार साबिन ओत्सोयू यानं तीस वर्षं असंच केलं. दुसऱ्या यंत्रापाशी त्याचा जोडीदार गाव्रिला असायचा. आकडा चुकला की साबिन या टेकाडावरून शिव्या घालायचा, गाव्रिला त्या टेकाडावरून परत करायचा. पुढे गाव्रिला मुलीकडे स्पेनला गेला. त्याचं यंत्रही त्याच्याबरोबर गेलं.

एका यंत्रानंही नेमकी जागा सापडते, हे साबिन अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकला. यंत्र चार तास हलवायचं नाही. मग उपग्रहांच्या कक्षांचे आणि घड्याळांचे अचूक आकडे खालच्या बाजारगावात जाऊन इंटरनेटवरून घ्यायचे आणि गणित करायचं. चूक राहिली तर दोन-तीन सेंटिमीटरची.

मे महिन्यात फिरूत्सा मावशीचं गवताचं कुरण आणि चर्चची जागा यांच्यामध्ये कुंपण घालायचं ठरलं. कोपऱ्यात क्रूस कोरलेला जुना दगड होता. साबिननं त्यावर यंत्राची तिवई मांडली. मावशी फाटकाशी वाटाणे सोलत बसली होती.

"चार तास काय बघतोयस रे? दगड पळून जाणारे का?"

"मावशी, तू फक्त हात लावू नकोस."

पण गणित केलं तर दगड खरंच पळाला होता! कागदावरच्या जागेपासून शहाऐंशी सेंटिमीटर, ईशान्येला, चर्चच्या बाजूला. साबिननं पाद्रीबाबांना तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण त्रायान गवतासाठी हपापलेलाच होता." त्रायान म्हणजे मावशीचा नवरा, वारून नऊ वर्षं झालेली. गोष्ट संध्याकाळपर्यंत मावशीच्या कानावर गेली आणि तिनं साबिनच्या तोंडावर दार लावलं.

साबिननं दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. मग तो टेकडीवरच्या सरकारी सिमेंटच्या खांबावर गेला. त्याची जागा तर पक्की होती. तिथंही शहाऐंशी, त्याच दिशेला. आता त्याचं डोकंच चालेना. खांब तर त्रायाननं हलवला नव्हता. साबिनचे वडील शेवटी शेवटी परक्यांच्या दारात जाऊन 'हे माझं घर' म्हणायचे. आपलंही तसंच सुरू झालं की काय, असं त्याला वाटलं.

रविवारी खालच्या बाजारगावातून त्यानं गाव्रिलाला फोन लावला.

"सगळंच सरकलंय रे. खांबसुद्धा. मला काहीतरी झालंय."

"ईशान्येला ना?"

"तुला कसं कळलं?"

"इथं मीही असाच फसलो होतो. अरे गाढवा, तुझं उत्तर आजचं आहे, अख्ख्या पृथ्वीच्या मापातलं. आपले कागद युरोपला चिकटवलेल्या मापातले, एकोणनव्वद सालचे. आणि युरोप वर्षाला अडीच सेंटिमीटर सरकतोय. दोन यंत्रांच्या फरकात ते दिसायचं नाही."

"सरकतोय? आणि तू?"

"मीही. तुझ्याबरोबरच."

साबिननं आकडे पस्तीस वर्षं मागे नेले. फरक उरला तीन सेंटिमीटर. तो आधी पाद्रीबाबांकडे गेला, मग टोपी हातात घेऊन मावशीच्या दारात उभा राहिला.

"मावशी, चूक माझी. दगड बरोबर आहे."

"म्हणजे हलला नाही?"

"हलला. पण कुरणासकट, चर्चसकट, आपल्या सगळ्यांसकट."

"माझ्या नवऱ्यानं हलवला का?"

"नाही."

"मग तेवढंच बोल. बाकीचं बाबांना समजाव."

जूनमध्ये कुंपण दगडाला धरूनच उभं राहिलं. बाबांनी मावशीची माफी मागितली, पण ती फार हळू आवाजात.

साबिनच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. तिनं त्याला विचारलं होतं, नक्की चुकलं कोण? तो म्हणाला, "यंत्र बरोबर होतं, कागद बरोबर होता, दगडही बरोबर होता. तारीख न बघता बोललो तो मी." आणि भाकरीचा तुकडा मोडून जेवायला लागला.