आत्याबाईंचे पिवळे

पिवळी जर्सी घालणाऱ्या त्या परदेशी फुटबॉल संघाचं भलं चिंतणारं बेंबळी गावात एकच माणूस होतं, आमच्या आत्याबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. जाहिरातींना वैतागून त्यांनी क्रिकेट सोडलं होतं. संघाचं नाव काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही. त्या नुसतं ‘पिवळे’ म्हणत.

सकाळी धारा काढून झाल्या की त्या मोबाइलवर आदल्या दिवशीची मॅच बघत आणि गोठ्याच्या दारावर खडूनं एक ठिपका देत. ठिपके जोडून होणारी रेघ म्हणजे पिवळ्यांची तब्येत. पण ठिपका गोलांचा नसे. “गोल काय, कुणाच्या बी ढोपराला लागून जातो. गोलाच्या तोंडाशी कितीदा गेले आन् समोरच्यांना कितीदा येऊ दिलं, ते मोजावं.” त्यातही एका मॅचवर भरवसा नाही, मागच्या पाचांची सरासरी. “म्हशीनं एक दिस दूध कमी दिलं म्हणून तिला कुणी बाजार दाखवतं का?”

एका वर्षी पिवळे लागोपाठ जिंकत होते आणि रेघ मात्र खाली चालली होती. मी चेष्टा केली, “आत्याबाई, खडू उलटा धरलाय का?”

“जिंकलेत व्हय, पण गोलकीपरच्या जिवावर. लई दिस न्हाय टिकायचं.”

आणि खरंच घसरगुंडी सुरू झाली. शेवटची मॅच हरले तर खालच्या लीगमध्ये, इथवर पाळी आली. आत्याबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला बघवेना. म्हटलं, “सरासरीत मागच्या वर्षीच्या मॅचही धरू की. रेघ वर येईल.”

“येईल की. मग पिवळे मागच्या वर्षी वाचतील.”

जिवाचा संघ बुडत असताना आकड्यांना हात न लावणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

मॅचच्या संध्याकाळी त्या पिवळी साडी नेसून बसल्या. पिवळे हरले. आत्याबाई तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडल्या.

“तुम्हाला तर आधीच कळलं होतं ना?”

“कळलं म्हणून जीव लावायचा न्हाय व्हय, लेकरा?” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “खालच्या लीगच्या मॅच कुठं दिसत्यात, तेवढं बघ.”

आत्याबाई जाऊन दोन वर्षं झाली. पिवळे अजून खालीच आहेत. मीही पाचांची सरासरी काढतो, त्यामुळे हरणार हे बहुधा आधीच कळतं. मॅच लावली की त्यांची आठवण अनावर होते, आणि मी शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून राहतो.