साडेचारशेवर

दोन मे १९९९, रविवार. संगणकाची किंमत सदतीस हजार पाचशे. हजर: मी, माझी मुलगी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो.

"भाऊसाहेब, कंपनीनं याला दाबून ठिवलाय."

हे त्याचे ठरलेले वाक्य. सोनईत तो टीव्ही दुरुस्त करायचा. त्याच्या मते जगातली प्रत्येक वस्तू कुणीतरी दाबून ठेवलेली होती. आमचा मिक्सर त्याने असाच मोकळा केला. तेव्हापासून चटणी छताला लागते. असा एक जण तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर सुखी आहात.

आमचा प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झचा. आतला जंपर, म्हणजे टिचभर खटका, हलवला की तो साडेचारशेवर पळेल, तेही फुकटात, असे याचे म्हणणे.

"आणि तापला तर?"

"तापंल की. बैल पळाल्यावर तापत न्हाई व्हय?"

मुलीच्या डिप्लोमाचा प्रकल्प त्याच यंत्रात होता. शहाण्णव पाने, बुधवारी द्यायची. ती म्हणाली, "काका, आधी फ्लॉपीवर घेऊ द्या."

"कशाला? आत्ता छापून देतो, भराभर."

पडद्यावर साडेचारशे आकडा उमटला, तेव्हा हा पहिला नंबर आलेल्या पोराच्या बापासारखा उभा होता. वीस मिनिटांत यंत्र अडकले. मग याने डबा उघडाच ठेवून आमचा वाळ्याचा कूलर त्याच्या तोंडाशी लावला. आम्ही घामाघूम, प्रोसेसर गारेगार.

"अरे, पाणी उडतंय."

"गार हवा हाय ती, भाऊसाहेब."

टप्प आवाज झाला, करपल्याचा वास आला. प्रोसेसर, मदरबोर्ड, हार्डडिस्क, तिन्ही गेले. मुलगी हाताने लिहिलेली कच्ची वही शोधू लागली. तो म्हणाला, "व्होल्टेजचा घोळ."

दुरुस्तीचे अकरा हजार मी भरले. त्याने विषयही काढला नाही. वर्षभरात दुकान बंद करून तो चाकणला गेला. जाताना त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात माझा मेलेला प्रोसेसर लटकत होता. भेटेल त्याला दाखवायचा, "साडेचारशेवर पळालाय ह्यो!"

एक नोंद राहिली. सोमवारी ती वही मी नेवाशाच्या टायपिस्टकडे दिली होती. मंगळवारी पाने आणायला गेलो. पाच रुपये पान, एकूण चारशे ऐंशी. मी पाकीट काढले.

"तीसच द्या," टायपिस्ट म्हणाला. "तुमचा टीव्हीवाला सकाळी साडेचारशे देऊन गेला. याच्या फुडं पळत न्हाई म्हणला."

तीस रुपये मी दिले, टायपिस्टला.