नातीच्या झोपेचं स्टिकर

माझी शाळा सहावीत सुटली. लोकांना मी सांगते, घरी गुरं होती, धाकटी भावंडं होती. ती सगळ्यांच्याच घरी होती. खरं कारण असं की माझे पुढचे दात तेव्हा माझ्या आधी घराबाहेर पडायचे आणि वर्गातल्या मुली मला किसणी म्हणायच्या. त्यांना चांगली अद्दल घडावी म्हणून मी शाळेत जाणंच बंद केलं. मुरबाडच्या बाजूला, माझ्या माहेरी, माझ्याइतकी हुशार मुलगी तेव्हा दुसरी नसेल. त्या मुली पुढच्या वर्गात गेल्या आणि मी बांधावर बसून त्यांना अद्दल घडायची वाट बघत राहिले.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवीतली नात पोटात दुखतंय म्हणत शाळा बुडवायला लागली, तेव्हा मी ओवा शोधायला गेले नाही. तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "कोण काय म्हणतं?"

तिने आईचा फोन आणला. सापगावहून शहापूरला शाळेत जाताना ती जीपमध्ये डुलकी काढते. एकदा तोंड उघडं, लाळ गळतेय, अशी झोपली असताना वर्गातल्या एका मुलाने फोटो काढला आणि त्याचं स्टिकर केलं. आता वर्गाच्या ग्रुपवर हिने गृहपाठ विचारला, की उत्तराऐवजी ते स्टिकर येतं. एकाने टाकलं की मागून सगळे.

"मी काय लिहीतच नाय आता," ती म्हणाली. "वर्गात हात पण वर करत नाय. केला का मागून घोरतात."

"आणि घरी?"

तिने घरचा ग्रुप उघडून दाखवला. तिथेही तेच स्टिकर, माझ्या थोरल्या नातवाने याच फोनवरून घेऊन टाकलेलं. खाली माझ्या दोन्ही मुलांनी हसरी तोंडं टाकलेली.

नातू आसनगावहून लोकलने कॉलेजला जातो. संध्याकाळी आला, त्याला चहाबरोबरच धरला.

"गंमत होती गो आजी. क्यूट दिसते ती."

"तिला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं?"

"माझ्या कपाटात तुझा एक फोटो आहे. नाक गळतंय, चड्डीचा पत्ता नाय. लय क्यूट आहे. देऊ तुझ्या मित्रांना?"

त्याने चहा बाजूला ठेवून आधी स्टिकर काढलं. जेवताना मी माझ्या दोन्ही मुलांना सांगितलं, या घरात तिच्या झोपेवर पुन्हा कोणी हसायचं नाही. दोघेही आमटीत काहीतरी हरवल्यासारखे ताटात बघत राहिले. सूनबाई, म्हणजे नातीची आई, म्हणाली, मी उद्या वर्गशिक्षिकांना भेटते. मी म्हटलं, तू शाळा बघ, मी जीप बघते.

सकाळी तोंड धुता धुताच माझं भाषण तयार झालं होतं. नातीला घेऊन जीपमध्ये बसले. तिने डोळ्यांनीच तो मुलगा दाखवला. मी पदर खोचला आणि सुरुवात केली, "काय रे, कोणाचा तू?"

इथेच घात झाला. आमच्याकडे हे विचारल्याशिवाय कोणाला ओरडता येत नाही आणि विचारल्यावर तर मुळीच येत नाही. त्याने बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मी त्याच्या आजीचं माहेर विचारलं, तर ते निघालं माझंच गाव. आजी माझ्या चुलत घरातली. झालं. तिचे गुडघे कसे आहेत, मोतीबिंदू काढला का, यातच शहापूर आलं. उतरताना पोराच्या मुठीत माझ्या पिशवीतल्या शेंगा होत्या आणि तो वाकून माझ्या पाया पडत होता.

नात रस्त्यातच थांबली. "तू भांडायला आलेलीस का सोयरीक करायला?"

मी पिशवीतल्या उरलेल्या शेंगा चाचपत राहिले.

"उद्यापासून मी शाळेत येत नाय," ती म्हणाली आणि फाटकातून आत गेली.

सहावीतली मी जशी बोलले असते, तशीच ती बोलली. पण आता मी सहावीत नव्हते. शिवाय सोयरीक झालीच होती, तर ती वापरायला कोणाची हरकत होती?

संध्याकाळी नातीला घेऊन त्या पोराच्या घरी गेले. आजीने, म्हणजे माझ्या चुलत बहिणीने, चहा टाकला. इतक्यात पोराचा बाप आला. "काय रे ढब्बू, पावण्यांना पाणी दिलंस का? याला सांगितल्याबिगर कायपण जमत नाय, मावशी." तो हसला, ओटीवर बसलेले दोघंतिघंही हसले. पोराने पाणी आणून दिलं. त्याचे कान लाल झाले होते. माझी नात तेवढी हसली नाही.

"आधी तुझ्याशी बोलते," मी बापाला म्हटलं. "पोराला चारचौघांत ढब्बू म्हणू नको."

"प्रेमानं म्हणतो ओ."

"त्याच्या कानांकडं बघ, मग सांग."

"मी बोलून बोलून थकले," बहीण आतून म्हणाली.

मग मी पोराकडे वळले. "तुला लागतं ना? मग हिला पण लागतं. तू सोसतोस म्हणून हिनं सोसायचं, असं नाय चालणार. ते स्टिकर काढ."

त्याने काढलं. मला वाटलं, पाटी पुसली गेली. नात म्हणाली, "त्यानं काय होतंय? सगळ्यांकडं सेव्ह आहे."

"मग काय करू?" त्याने विचारलं. माझ्याकडे बघून नाही, तिच्याकडे.

"ग्रुपवर लिही. तू केलंस ते लिही."

बाप शेजारी बसून बघत होता. पोराने लिहिलं, "ते स्टिकर मी बनवलेलं. चुकलं माझं. कोणी टाकू नका."

घरी आलो तर सूनबाईही शाळेतून काम करून आली होती. बाई उद्याच वर्गात बोलणार होत्या, कोणाचं नाव न घेता. घोरणाऱ्यांना पहिल्या बाकावर बसवणार होत्या आणि दप्तरात सापडलेला फोन आता आईबाप आल्याशिवाय परत मिळणार नव्हता.

जेवण झालं आणि वर्गाच्या ग्रुपवर पुन्हा ते स्टिकर आलं. कोणा दुसऱ्याने टाकलेलं. नात फोनकडे बघत राहिली. माझे हात शिवशिवत होते, पण मी ते गुडघ्यांखाली दाबून बसले.

तिने लिहिलं, "हे जुनं झालं. गणिताचं कुठलं पान आहे?"

मग एका मुलीने पान सांगितलं. तिच्या मागोमाग त्या पोराने खालची गणितं सांगितली, शेवटचं सोडायचंय हेसुद्धा.

नातीने दप्तर ओढलं. "आजी, सकाळी लवकर उठव मला," ती पेन्सिल शोधत म्हणाली. "जीपमध्ये खिडकीची जागा पायजे. डोकं टेकायला बरं पडतं."